खांदेवालीचं शेवटचं रीळ

सोलापुरात तिला तिच्या नावानं कुणीच ओळखत नव्हतं. नाव पोस्टरवर असायचं, पण ते इंग्रजीत, आणि आमच्या गल्लीतल्या बायकांना परकं नाव तोंडात घोळवण्यापेक्षा आपलं एक ठेवून देणं सोपं वाटायचं. म्हणून ती 'खांदेवाली'. तिच्या कोटांचे खांदे इतके रुंद आणि ताठ असत की वाटे, बाई कोट घालताना आतला हँगर काढायला विसरलीय. "या रविवारी कोण हाय?" असं कुणी विचारलं आणि "खांदेवाली हाय" असं उत्तर आलं, की पुढं बोलणं खुंटायचं. रुमाल कुणी न्यायचे एवढंच ठरायचं राही.

सत्तरनंतरची ती वर्षं. मी शाळेच्या शेवटच्या वर्गांत होते. गावातल्या एका थेटरात रविवारी सकाळी जुने इंग्रजी पिक्चर लागायचे. जुने म्हणजे चांगलेच जुने, काळे-पांढरे. मुंबईनं बघून टाकलेले, मग पुण्यानं बघून टाकलेले, आणि झिजत झिजत आमच्या वाट्याला आलेले. वाटेत त्यांचं डोकं आणि शेपूट कुठंतरी गळून पडलेलं असे. सुरुवातीला नावं नाहीत, शेवटाला 'संपलं' सांगणारी पाटी नाही. पिक्चर एकदम चालू व्हायचा आणि एकदम पडदा पांढरा फटक. दिवे लागले की समजायचं, उठा आता.

असल्या पिक्चरला घरून परवानगी कशी मिळायची म्हणाल, तर ती माझ्या आत्यामुळं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, मुलींच्या शाळेत शिक्षिका. इंग्रजी पिक्चर बघून दोघींचं इंग्रजी सुधारेल असं वडिलांना मनापासून वाटायचं. काय कपाळ सुधारणार! मी वर्गात इंग्रजीत पहिली यायचे, पण ती बया असली नाकातून आणि पळत पळत बोलायची की मला 'डार्लिंग' सोडून एक अक्षर कळत नसे. आत्याची तीच गत. आमच्याबरोबर शेजारची अक्का यायची. तिच्या घरी माग होते. दिवसभर त्या खटखटाटात राहून तिला ओरडूनच बोलायची सवय, ती थेटरातही सुटत नसे. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू करत ती गोष्ट सांगत सुटायची, आणि मागच्या रांगेतले कॉलेजचे पोरगे गप्प बसा म्हणायच्या ऐवजी "मग पुढं काय झालं, अक्का?" असं विचारायचे. त्यांनाही काही कळत नव्हतं की!

खांदेवालीची सगळी कारकीर्द आम्ही त्या रविवारांत पाहिली, फक्त क्रम कसला म्हणून नाही. हातात येईल ती रिळांची पेटी सोलापूरला धाडत असतील. एका रविवारी ती चाळिशीची, डोळ्यांखाली काळं आलेली, कॉलेजातल्या मुलाची आई. पुढच्या रविवारी तीच अठरा-एकोणीसची, गुडघ्यापर्यंतच्या झग्यात नाचतेय, नाचाचं अंग नाही पण हौस दांडगी. मग एकदम श्रीमंताची बिघडलेली पोर. मग पुन्हा पोक्त, घरंदाज, हळू आवाजात बोलणारी. अक्काला याचं फार कौतुक. "मागच्या हप्त्यात म्हातारी होती की गं, आता बघ कशी तरतरीत झालीय," म्हणायची. मला मात्र हळूहळू कळायला लागलं होतं की नाचणाऱ्या पोरीपासून त्या पोक्त बाईपर्यंत येताना तिनं एकेक गोष्ट टाकून दिलीय. आधी हातवारे गेले, मग भुवया उडवणं गेलं, मग आवाज चढवणंही गेलं. शेवटी शेवटी ती नुसती समोरच्याचं ऐकत उभी राहायची, आणि ते ऐकणं बघायला आम्ही तिकीट काढून जायचो.

आणि रडणं! आमच्या हिंदीतल्या नट्या रडायच्या तेव्हा खांबाला मिठी मारायच्या, देवाला जाब विचारायच्या, सोबत चार-दोन व्हायोलिनं. ही खिडकीपाशी जायची. आधी खाली बघायची. हातमोजे काढायला लागायची, एकेक बोट ओढत, सावकाश, जसं काही जगात दुसरं कामच नाही. मग मान वर. डोळे काठोकाठ, पण थेंब खाली पडेल तर शपथ. तो तिथंच धरून ठेवायची ती, आणि इकडं आमच्या रांगेत पदर ओले चिंब. कधी कधी तर पाठ करूनच उभी राहायची. चेहरा दिसायचाच नाही, फक्त ते ताठ खांदे बोटभर खाली यायचे. मला तेव्हा वाटलं होतं, एवढे मोठे खांदे शिवून घेतलेत ते यासाठीच असतील.

गोष्ट मात्र ठरलेली. खांदेवाली कुणावर तरी जीव टाकायची, आणि मग कुणासाठी तरी त्याला सोडून द्यायची. कधी नवऱ्याचं आजारपण, कधी धाकटी बहीण, कधी मूल. कुणी काही मागितलेलं नसे, तरी ही देऊन मोकळी. माझी आई एकदाच आमच्यासोबत आली आणि थेटरातून बाहेर पडेपर्यंत तिचा पारा चढला होता. "तोंड दिलंय ना देवानं? मग बोलायला काय धाड भरली? हातमोजे काय काढत बसली!" त्यानंतर आईनं त्या शोचं नाव टाकलं.

आत्याचं उलट. आत्या खांदेवालीची भक्त. तिशी उलटून गेलेली, किडकिडीत, जिभेला धार, शाळेत पोरी चळाचळा कापायच्या. पण भाकऱ्या थापून झाल्या की बोटांना चिकटलेलं पीठ काढायची ते एकेक बोट ओढत, खिडकीबाहेर बघत. आई तव्यापाशी बसून ओरडायची, "खांदेवाली, अगं, भाकरी करपतीय!" आणि दोघी हसत सुटायच्या. नणंद-भावजयीचं असं जमणं मी दुसऱ्या घरात पाहिलं नाही.

आत्याचं लग्न का राहिलं, याला मोठं कारण काही नव्हतं. आधी शिक्षण, मग नोकरी, मग दोन-तीन स्थळं अशीच गेली, आणि मग आजोबा पडले. आजोबांचं आडतीचं दुकान होतं. एक दिवस तिथंच गादीवर बसल्या बसल्या त्यांचा उजवा हात आणि पाय गेला, तोंड थोडं वाकडं झालं. आमच्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायचं. आजारपणानंतर आजोबांना कानडीच जवळचं वाटायला लागलं. त्यांना जेवू घालायचं काम आत्यानं आपल्याकडं घेतलं. भात कालवून, घास करून ती भरवायची, आणि पोट भरलं की आजोबा "साकु" म्हणायचे, म्हणजे पुरे.

अशात एक स्थळ सांगून आलं. मुलगा जेऊरला स्टेशन मास्तर. मुलगा म्हणायचं आपलं, चाळिशीच्या आसपासचा माणूस होता. बहिणींची लग्नं करता करता त्याचं स्वतःचं राहिलेलं. मूळचा माढ्याकडचा, आमच्यातलाच. बघायला आला तो पांढरा शर्ट घालून, पोहे खाल्ले, पाणी प्याला आणि बराच वेळ गप्प बसला. मध्यस्थानं कोपरानं ढोसलं तेव्हा आत्याकडं बघून म्हणाला, "एकच इचारायचं होतं. गाड्यांच्या आवाजात झोप लागती का तुमाला? क्वार्टर रुळाला लागून हाय."

आत्या म्हणाली, "लागेल की."

त्या रात्री आत्या आईजवळ म्हणाली, "वहिनी, आजवर आलेल्यांनी पगार विचारला, स्वयंपाक विचारला. झोप लागते का, असं कुणी विचारलं नव्हतं." आईला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

आणि दुसऱ्या दिवशी आत्यानं नकार दिला! वडिलांना सांगितलं, अप्पांना अशा अवस्थेत सोडून मी जाणार नाही. आजोबांना मात्र कळू द्यायचं नाही अशी सगळ्यांना तंबी. आई इतकी चिडली की तिनं भांडी आपटली. "मी काय मेलेय का? मला घास भरवता येत नाही? ते थेटर बंद करा आधी, डोक्यात शिरलंय हिच्या!" आत्या खिडकीपाशी उभी, आमच्याकडं पाठ करून. खांदे बोटभर खाली. मला तर तेव्हा ते फार भारी वाटलं होतं, खोटं का बोला.

आता इथं एक सांगायला पाहिजे. आमच्यात नकार गेला की गेला. 'योग दिसत नाही' असा निरोप मध्यस्थाकडून पोचला की ते दार बंद. समोरच्याचा राग-लोभ काही नसतो, पण मुलीकडच्यांनी नाही म्हणून पुन्हा त्याच घराकडं वळणं म्हणजे शोभा. पुढं महिन्याभरानं मध्यस्थ दुसऱ्याच कामानं आला आणि बोलता बोलता म्हणाला, "ते जेऊरचे मास्तर हो, बदली मागताहेत म्हणं. तिकडं रायचूरकडं." आत्या तेव्हा आजोबांना भरवत होती. घास तोंडापाशी नेलेला हात तसाच राहिला. आजोबा आ करून बसले होते.

तिची झोप उडाली. शाळेतून येऊन ती कुणाशी धड बोलेना. आईनं एकदा म्हटलं, "अजून वेळ गेली नाही, निरोप पाठवू का?" तर आत्या म्हणाली, "कुणी असं केलेलं ऐकलंय का वहिनी तुम्ही? हसं होईल घराचं." आईनंही खरंच कुणी केलेलं ऐकलं नव्हतं.

त्याच रविवारी खांदेवाली लागली होती. या खेपेस तिचं समुद्रकाठच्या गावात टोप्यांचं दुकान. घरी एक आंधळा म्हातारा. तो बाप की सासरा, हे आम्हाला कधीच कळलं नाही. एक बोटीवरचा इंजिनियर तिच्यावर जीव टाकतो. मध्ये कुठंतरी गोष्टीनं एकदम उडी मारली, पण तशा उड्या तर नेहमीच्याच. मग म्हातारा जिन्यावरून पडतो. मग खिडकी. मग हातमोजे. अक्का ओरडली, "झालं! घातला घोळ!" मग स्टेशन, धुकं, तो गाडीच्या पायरीवर, ही खाली. गाडी सुटते, ही चालत चालत धुक्यात दिसेनाशी होते. आमच्या रांगेत हुंदक्यांना नुसता ऊत. आत्याकडं मी बघितलं तर तिच्या डोळ्यांत टिपूस नाही, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेले.

पडदा क्षणभर काळा झाला. आम्ही चपला शोधत होतो. आणि पुन्हा उजेड! बाग, ऊन, सफरचंदाचं झाड, आणि झाडाखाली खांदेवाली आणि तोच इंजिनियर. तो सुरीनं सफरचंद सोलतोय, साल तुटू न देता, आणि ती हसतेय. हसतेय म्हणजे कशी, डोकं मागं टाकून, खांद्यांची पर्वा न करता. तो म्हातारासुद्धा बाकावर बसून काहीतरी चघळतोय. बराच वेळ ते चाललं, आणि मग पडदा पांढरा. दिवे.

"आली की परत!" अक्का उभी राहून ओरडली. "वच्चिंदी! गेली आणि घेऊन आली त्याला!" सगळं थेटर टाळ्या वाजवत होतं. खांदेवालीनं असं आजवर कधी केलं नव्हतं. मला एवढंच खटकलं की धुक्यात जाताना तिचे केस आखूड होते आणि बागेत खांद्यावर रुळत होते. मी तसं म्हटलं तर अक्का म्हणाली, "मग लगेच येईल का? वाढवायला वेळ लागतो की नाही केस?" हे मला पटलं.

घरी येताना आत्यानं एकदम थांबून विचारलं, "ती स्वतः गेली ना गं त्याच्याकडं? त्यानं नाही बोलावलं?"

"मधलं दाखवलंच नाही," मी म्हटलं.

"तो कसा येईल? त्याला तर हिनंच घालवलं होतं. हीच गेली असणार." आणि शाळेत फळ्यावर उदाहरण सुटल्यावर मान हलवायची तशी मान हलवून ती चालायला लागली.

पुढच्या रविवारी आम्ही पिक्चरला म्हणून निघालो आणि स्टेशनवर गेलो. आत्यानं मला पॅसेंजरमध्ये बसवेपर्यंत काही सांगितलं नव्हतं. हातात डबा होता, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. "जेऊर," एवढंच म्हणाली. मोहोळ येईपर्यंत मी डब्यात ओळखीचं कुणी दिसतंय का तेच बघत होते. आत्या मात्र सारखी ओठ हलवत होती. पाठांतर चाललं होतं. केमला एक बाई कुंकवाच्या पुड्या विकायला डब्यात चढली. तिथलं कुंकू नावाजलेलं. मी म्हटलं, "आत्या, घ्यायचं का?" तर तिनं असे डोळे वटारले की ती बाईच पुढच्या बाकाकडं सरकली.

जेऊरला उतरलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मास्तर प्लॅटफॉर्मवर हिरवा बावटा घेऊन उभे. आमची गाडी त्यांनी रीतसर घालवली, मग वळले, आणि आम्हाला बघून बावटा तसाच धरून राहिले.

"तुमी? हितं?"

आत्यानं खाली बघितलं. पदराचं टोक बोटांना गुंडाळलेलं होतं, ते एकेका बोटावरून सोडवायला लागली. मी ओळखलं, आता मान वर होणार. मान वर झाली. "मला तुम्हाला काही सांगायचं आहे," आत्या म्हणाली, आणि आत ऑफिसात घंटा वाजली.

"एक मिनिट हां. मालगाडी हाय," म्हणून मास्तर आत पळाले. आले ते हातात वेताचं मोठं कडं घेऊन. पुढच्या रुळावर जायची परवानगी म्हणून ते न थांबणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला धावता धावता द्यायचं असतं. आत्यानं पदर पुन्हा गुंडाळला, पुन्हा सोडवायला घेतला. तेवढ्यात मालगाडी आलीच. मास्तरांनी हात उंच करून कडं दिलं, आणि डब्यामागून डबे धडधडत जायला लागले. आत्याचा मात्र धीर सुटला होता. तिनं बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. मला तिचे ओठ दिसत होते, हात दिसत होते, ऐकू काडीचं येत नव्हतं. मास्तर कानामागं हात धरून वाकलेले. शेवटचा डबा गेला, धूळ बसली, आणि आत्याचं बोलणंही नेमकं तेव्हाच संपलं.

"काय म्हणालात?" मास्तरांनी विचारलं.

आत्या भडकली. हातमोजे, खिडकी, खांदे सगळं गेलं खड्ड्यात. शाळेच्या आवाजात ती ओरडली, "म्हटलं, मला गाड्यांच्या आवाजात झोप लागते!"

मास्तरांनी बावटा काखेत धरला. "त्या दिशी बी आसंच म्हणालेलात," ते म्हणाले. "आन दुसऱ्या दिशी नकार आला."

"तो मीच दिला होता. आता परत घ्यायला आलेय."

"आसं घेत्यात व्हय परत?"

"घेतात," आत्या म्हणाली. "मी पाहिलंय."

"कुटं?"

आत्या पुन्हा पदर गुंडाळायला लागली. माझ्याच्यानं राहवलं नाही. "थेटरात," मी म्हणाले.

मास्तर असे हसले की कडुलिंबाखालची शेळी उठून उभी राहिली. मग डोळे पुसत म्हणाले, "बदलीचा अर्ज परवाच गेलाय माझा. त्यो बी मागं घ्यावा लागंल म्हनायचा."

दुपारी परतीची गाडी आली. खांदेवालीच्या पिक्चरात निरोप घेतला की गाडी त्या क्षणाला सुटते. आमची सुटेना. निरोप घेऊन झाला, हात हलवून झाले, तरी आपली उभीच. आत्या आणि मास्तर खिडकीच्या अलीकडं-पलीकडं, बोलायचं संपलेलं, मग डबा उघडला आणि दोघांनी कडक भाकरी मोडून खाल्ली. समोरून गाडी यायचीय, असं मास्तर सांगत होते. समोरून काही आलेलं मला आठवत नाही. सिग्नल त्यांच्याच हातात होता, एवढं मला माहीत आहे.

घरी पोचलो तर आई दारात. "काय होता पिक्चर?" तिनं विचारलं. मी थापा मारायला तोंड उघडलं, पण आत्या सरळ आत आजोबांपाशी गेली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. नकार, जेऊर, सगळं. आजोबांचा चेहरा लाल झाला. "मला इचारलंस का?" ते वाकड्या तोंडानं म्हणाले. आत्यानं भात कालवून घास पुढं केला, तर त्यांनी तोंड मिटून घेतलं. मग डाव्या हातानं ताट ओढलं, डाव्या हातानं चमचा उचलला आणि बऱ्यापैकी नीट, थोडं अंगावर सांडत, जेवायला लागले. आम्ही बघतच राहिलो.

"येतंय की तुम्हाला!" आई म्हणाली.

"येतंय कवापासनं," आजोबा म्हणाले. "तिला बरं वाटायचं भरवायला, म्हणून खात होतो." आणि मग आत्याकडं न बघता, कानडीत, "होगव्वा." म्हणजे जा बाई. आत्या तेव्हा रडली. खांदेवालीसारखी नाही, आमच्या घरातल्यासारखी, नाक वाहेपर्यंत.

लग्न झालं. आत्या जेऊरला गेली, तिथल्याच शाळेत लागली, आणि मास्तर आमचे मामा झाले; आत्याच्या नवऱ्याला आमच्यात मामाच म्हणतात. तिला गाड्यांच्या आवाजात झोप लागायची की नाही, तर सुरुवातीचं वर्षभर अजिबात लागली नाही, असं मामाच सांगायचे.

पुढं केबलचे दिवस आले. मामा निवृत्त होऊन दोघं सोलापुरात राहायला आली होती. मी माहेरी आले की दुपारी त्यांच्याकडं जायची. अशाच एका दुपारी चॅनेल बदलता बदलता आत्या किंचाळली, "अगं, खांदेवाली!" समुद्र, टोप्यांचं दुकान, आंधळा म्हातारा. तोच पिक्चर. आत्यानं मांडी घातली, मामांना हाक मारली. मामा संत्र्यांची ताटली घेऊन येऊन बसले.

अर्धा पिक्चर झाला असेल, आणि बाग आली. ऊन, सफरचंद, मोकळे केस, ते हसणं. बाग आत्ताच आली, तर शेवटी काय राहिलं? त्या थेटरातल्या माणसानं एक रीळ मध्ये लावायचं विसरून सगळ्यात शेवटी लावलं होतं, आणि त्यावर आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या! मी रिमोट शोधायला लागले. तो आत्याच्या मांडीखाली होता. "चहा करायचा का?" मी म्हटलं. "थांब गं," आत्या म्हणाली.

म्हातारा पडला. खिडकी झाली, हातमोजे झाले. स्टेशन, धुकं. खांदेवाली आखूड केसांनी चालत चालत दिसेनाशी झाली, आणि पडद्यावर 'संपलं'ची पाटी आली. आम्ही ती पहिल्यांदाच बघत होतो.

आत्या कितीतरी वेळ त्या पाटीकडं बघत होती. मग जाहिरात लागली, तरी ती तशीच. मला तिच्याकडं बघवेना.

"म्हणजे ती गेलीच नव्हती परत," शेवटी आत्या म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "अहो, ऐकलंत का? ती गेलीच नव्हती."

मामा संत्रं सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. "न्हाय तर न्हाय," ते म्हणाले आणि सोललेली फोड तिच्या हातावर ठेवली. "तू आलीस की."